ड्रायव्हर पुरवणाऱ्या एजन्सीने मालक आणि ड्रायव्हर दोघांनाही लुटलं : जालन्यातला अनुभव

जालन्याच्या मिलमधून सळई भरून निघणाऱ्या गाडीला भाडं मिळतं, ड्रायव्हर मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की बीड-परभणीकडचे बरेच ड्रायव्हर ऊसवाहतुकीला जातात. जुने ड्रायव्हर आपल्या पोरांना या धंद्यात घालायला तयार नाहीत. गाडी दारात उभी असली तरी बँकेचा हप्ता कापला जातोच. मालकाच्या याच अडचणीवर काही लोकांनी दुकान मांडलंय. मराठवाड्यातल्या दुसऱ्या कुणाचे पैसे त्यात जाऊ नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

एजन्सीचं ऑफिस बायपासजवळच्या एका गाळ्यात होतं. बोर्ड, बिलबुक, शिक्का, सगळं व्यवस्थित. अट अशी की नोंदणीचे ५,००० रुपये, प्रत्येक ड्रायव्हरमागे एका महिन्याचा पगार कमिशन, आणि घरी देण्यासाठी ड्रायव्हरची १५,००० रुपये उचल, तीही एजन्सीमार्फतच. लायसन्स आणि जुन्या मालकाची चौकशी आम्ही करून देतो, असं करारात लिहिलेलं होतं आणि त्याचे पैसेही त्यांनी वेगळे लावले. "शेठ, तीन महिन्यांत माणूस सोडून गेला तर दुसरा फुकट देतो," हेही कागदावर होतं.

पहिला ड्रायव्हर केज तालुक्यातला. शांत माणूस, गाडी जपून चालवायचा, पोहोच वेळेवर आणायचा. पगाराच्या दिवशी मी ठरलेले २२,००० आणि भत्त्याचा हिशेब पुढे ठेवला तर तो पाहतच राहिला. "मालक, मला तर अठ्ठावीस सांगितलेत. अन् भत्ता वेगळा." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरी लावून देण्याचे एजन्सीने त्याच्याकडूनही ८,००० घेतले होते. माझ्या १५,००० उचलीतले त्याच्या घरी फक्त ५,००० पोचले होते. बाकीचे कुठे गेले हे त्याला माहीतच नव्हतं, कारण त्याला उचलच पाच हजारांची सांगितली होती. त्याने चावी हातात दिली आणि गेला. माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. माझ्यापेक्षा तोच जास्त नागवला गेला, कारण ते आठ हजार त्याने व्याजाने काढले होते.

एजन्सीला फोन केला तर त्यांनी करारातलं बारीक अक्षरातलं कलम दाखवलं : मालकाशी पगारावरून वाद होऊन चालक गेल्यास हमी लागू नाही. म्हणजे वाद त्यांनीच लावून ठेवायचा आणि त्याच वादाच्या नावाखाली हमी उडवायची! यांची कमाई माणूस टिकण्यात नाही, माणूस पळण्यात आहे. तो जितक्या लवकर जाईल तितक्या लवकर तुमच्याकडून पुढचं कमिशन आणि त्याच्याकडून पुढची फी. ही मेख मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

बरीच भांडाभांडी झाल्यावर त्यांनी दुसरा माणूस पाठवला. त्याने देगलूरच्या अलीकडे एका ढाब्यावर भरलेली गाडी सोडली, टाकीतलं डिझेल विकलं आणि फोन बंद केला. माल हैदराबादला उशिरा पोचला, दंड माझ्या भाड्यातून कापला गेला. नंतर त्याच्या लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर टाकली. ट्रान्सपोर्ट लायसन्सची, म्हणजे मालवाहू गाडी चालवण्याच्या परवान्याची मुदत कधीच संपलेली. एजन्सीने 'पडताळणी केली' असा शिक्का मारून दिलेल्या झेरॉक्सवर मात्र तारीख बदललेली होती. ज्या जुन्या मालकाशी त्यांनी माझं बोलणं करून दिलं होतं, तोच नंबर ट्रान्सपोर्ट नगरमधल्या दुसऱ्या एका गाडीमालकाला लातूरचा डाळमिलवाला म्हणून दिलेला निघाला.

डिझेल आणि दंडापेक्षा मला जास्त धास्ती वाटली ती अपघाताची. त्या माणसाच्या हातून रस्त्यात कुणी गेलं असतं तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५ प्रमाणे लायसन्स नसलेल्याला गाडी न देणं ही मालकाची जबाबदारी आहे. कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनी मयताच्या घरच्यांना भरपाई देऊन तीच रक्कम मालकाकडून वसूल करायला निघू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्णसिंग खटल्यात सांगितलंय की मालकाने वाजवी काळजी घेतली नव्हती हे विमा कंपनीला सिद्ध करावं लागतं. पण ती काळजी घेतल्याचा पुरावा आपल्याजवळ हवा. सारथीवरचा निकाल स्वतः काढून, तारखेसकट छापून फाईलला लावा. ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते आणि ती साध्या लायसन्सच्या मुदतीपेक्षा वेगळी दाखवली जाते, ती ओळ नीट बघा.

एजन्सीच्या बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही लॉगिनशिवाय तपासता येतो. यांची नोंदणी रद्द झालेली होती. पैसे फर्मच्या खात्यात न जाता एका माणसाच्या यूपीआयवर जात होते, आणि ते नाव बिलावर कुठेच नव्हतं.

आता कुणी ड्रायव्हर पुरवतो म्हणून आलं तर मी ड्रायव्हरला एजंटपासून बाजूला घेऊन चहा पाजतो आणि दोनच गोष्टी विचारतो : तुला पगार किती सांगितला, आणि तू याला किती दिलेस. उत्तर देताना त्याने एजंटकडे पाहिलं तरी मला पुरतं. उचल मी ड्रायव्हरच्या किंवा त्याच्या बायकोच्या खात्यात थेट टाकतो. कमिशन द्यायला माझी ना नाही, पण निम्मं माणूस तीन महिने टिकल्यावर. हे ऐकून बहुतेक एजंट उठून जातात. जुन्या मालकाचा नंबर एजंटकडून घेत नाही, ड्रायव्हरने आधी चालवलेल्या गाडीचा नंबर घेतो आणि ट्रान्सपोर्ट नगरमध्ये त्या मालकाचा माग काढतो. जालना, नांदेड, लातूर एवढ्या भागात तो दोन-तीन फोनमध्ये सापडतो.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येण्याची शक्यता असते. पोलीस ठाण्यात आधी 'हा दिवाणी मामला आहे' असं सांगून मला परत पाठवलं होतं. मग एकाच पद्धतीने फसलेल्या आम्ही काही मालकांनी मिळून, बदललेल्या लायसन्सच्या झेरॉक्ससह अर्ज दिला, तेव्हा तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली चौकशीला घेतला गेला. केजचा तो ड्रायव्हरही जबाब द्यायला आला होता, स्वतःच्या खर्चाने. चौकशी अजून चालू आहे. तुमच्याकडेही अशा कुणाचं बिल, करार किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट असेल तर फाडू नका, पुसू नका. आपल्या ठाण्यात अर्ज द्या, आणि तुमच्याकडून निघून गेलेल्या ड्रायव्हरलाही फोन करून विचारा, त्याने किती भरले होते.