व्हर्साय की फाँतेनब्लो?

पॅरिसच्या मुक्कामात राजवाड्यासाठी एकच दिवस काढता येणार असेल, तर बहुतेक जण व्हर्साय ठरवून मोकळे होतात. शाळेत व्हर्सायचा तह पाठ केलेल्यांना ते नाव ओळखीचंही असतं. मी व्हर्साय आणि पॅरिसजवळचाच फाँतेनब्लो, हे दोन्ही राजवाडे पाहिले, आणि पुन्हा जायचं ठरलं तर फाँतेनब्लोलाच जाईन.

व्हर्सायवर फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची एकहाती छाप आहे. १६८२ मध्ये त्याने दरबारच तिथे हलवला. १८७१ मध्ये फ्रान्सला हरवणाऱ्या जर्मनांनी तिथल्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा केली. १९१९ मध्ये फ्रान्सने त्याच दालनात जर्मनीला तहावर सही करायला लावली. ही परतफेड समजून घ्यायची तर तिथे जरा थांबायला हवं, आणि नेमकं तेच जमत नाही. मागून लोंढा ढकलत असतो, समोर उंचावलेले फोन. ३५७ आरसे, पण एकापुढेही निवांत उभं राहता आलं नाही. गर्दी सगळीकडेच असते, मान्य. पण इतिहासाच्या ओढीने गेलेल्या माणसाला हे फार लागतं.

फाँतेनब्लोमध्ये मी गेलो तेव्हा सोळाव्या शतकातला फ्रेंच राजा पहिला फ्रान्स्वा याच्या लांबलचक दालनात मोजकीच माणसं होती. त्याने १५२८ पासून हा वाडा नव्याने बांधायला घेतला आणि इटलीहून कलावंत आणले. तिथे भिंतीवर चक्क एक हत्ती रंगवलेला आहे. त्याच्या झुलीवर फ्रान्सच्या राजचिन्हातली लिलीची फुलं आहेत. खालच्या लाकडी पट्ट्यांवर राजाचं चिन्ह, आगीतला सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा प्राणी. हे सगळं जवळ जाऊन, मान वर करून सावकाश पाहिलं. पुढे राजांच्या जुन्या शयनगृहातच नेपोलियनने मांडलेलं सिंहासन आहे. इथेच त्याने पोप सातवा पायस याला नजरकैदेत ठेवलं, आणि १८१४ च्या एप्रिलमध्ये इथेच सत्ता सोडून घोड्याच्या नालेच्या आकाराच्या जिन्यासमोर आपल्या जुन्या शिपायांचा निरोप घेतला. एकावर एक साचलेली अशी शतकं मला व्हर्सायच्या झगमगाटापेक्षा जास्त बोलकी वाटली.

बागा आणि कारंजी हेच मुख्य आकर्षण असेल, किंवा बरोबर पहिल्यांदाच येणारी मंडळी असतील, तर व्हर्सायला जावं. त्या भव्यतेला तोड नाही. फाँतेनब्लोला पॅरिसच्या गार द लिऑन स्टेशनहून गाडीने सुमारे चाळीस मिनिटं आणि पुढे बस, एवढी यातायात आहे. शिवाय ते मंगळवारी बंद असतं. त्याच दिवशी पॅरिसचं लूव्र संग्रहालयही बंद, त्यामुळे व्हर्सायला आणखी झुंबड उडते. म्हणून शक्यतो मंगळवार सोडून दिवस ठरवा.