छत्र की मुकुट?

साताऱ्यात १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. लंडनला ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सचा झाला. दोन्हीकडे सिंहासन आहे, अभिषेक आहे, पण राजाच्या डोक्याशी येणारी वस्तू वेगळी: आपल्याकडे छत्र, तिकडे मुकुट.

सेंट एडवर्डचा मुकुट १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्ससाठी घडवला, कारण जुनी राजचिन्हं पार्लमेंटनं १६४९ मध्ये वितळवून टाकली होती. भरीव सोन्याचा, वजन सव्वादोन किलोच्या आसपास. समारंभात जेमतेम काही वेळ तो डोक्यावर राहतो; चर्चमधून बाहेर पडताना राजा दुसरा, हलका मुकुट घालतो. त्याआधीचं तेलाचं लेपन तर पडद्याआड होतं.

रायगडावर १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकात सगळं उघड्यावर होतं. अष्टप्रधान आठ दिशांना उभे. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेननं सिंहासनाजवळ भाल्यांच्या टोकांवर लावलेली चिन्हं टिपून ठेवली आहेत: सोन्याची मोठ्या दातांची मत्स्यमुखं, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचं चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. तराजू भाल्यावर! मला तर अख्ख्या सोहळ्यात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

माझा कौल छत्राला. मुकुट एकट्याच्या डोक्यावर बसतो. छत्र दुसऱ्या कुणीतरी धरावं लागतं आणि त्याची सावली शेजारच्यावरही पडते. पुढे पेशवाईची वस्त्रंही साताऱ्याच्या गादीकडूनच घ्यावी लागत, सत्ता पुण्यात असली तरी.