ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकसाठी कोणती फोर-बाय-फोर घ्यावी? पाच गाड्यांची तुलना

मेलबर्न, सिडनी, पर्थच्या मराठी मित्रमंडळींत आउटबॅकचा, म्हणजे देशाच्या आतल्या ओसाड भागाच्या सफरीचा, बेत शिजू लागला की बोलणं लगेच इंजिनावर जातं. किती किलोवॅट, किती टॉर्क, डिफ-लॉक (ॲक्सलची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी सोय) एक की दोन. शोरूममध्येही हेच ऐकायला मिळतं. पण बर्ड्सव्हिल ट्रॅकवर किंवा सिम्पसन वाळवंटाच्या वाळूत गाडी अडते ती ताकद कमी पडल्यामुळे क्वचितच. जास्त ओझ्याने स्प्रिंग मोडते, शॉक-ॲब्सॉर्बर तापून गळतात, टायर फाटतो, नाहीतर डिझेल संपत येतं. म्हणून इथे तुलना दोन आकड्यांपासून सुरू केली आहे: गाडी कायद्याने किती ओझं वाहू शकते, आणि सोबत नेलेल्या इंधनावर वाळूतून किती लांब जाते.

विचारात घेतलेल्या गाड्या पाच: टोयोटा लँडक्रूझर ७६, टोयोटा प्राडो २५०, निस्सान पट्रोल वाय६२, इसुझु एमयू-एक्स आणि पाच दारांची सुझुकी जिम्नी एक्सएल. यातली जिम्नी एक्सएल गुरुग्रामच्या कारखान्यात तयार होऊन तिकडे जाते.

ओझ्याचा हिशोब

प्रत्येक गाडीच्या पाटीवर जीव्हीएम लिहिलेलं असतं, म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं. माणसंसुद्धा त्यातच आली, आणि हे बरेच जण विसरतात.

दोघांच्या तीन आठवड्यांच्या सफरीचा साधा हिशोब मांडून पाहा. पुढचा बुलबार (जनावराची धडक झेलणारा कठडा) आणि विंच (रुतलेली गाडी ओढणारी चरखी) मिळून ९० किलो. मागचे ड्रॉवर ७०. भरलेला फ्रिज ४५. दुसरी बॅटरी २५ (लिथियम घेतली तर निम्म्याने कमी). छतावरची रॅक ३०, त्यावरचा तंबू ६५. जादा स्टेपनी ३८. गाडी ओढून काढायचं सामान २५, हत्यारं आणि सुटे भाग २५. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. अन्न, शेगडी, खुर्च्या, कपडे ७०. दोन माणसं १५०. वर ६० लिटर जादा डिझेलचे ५० किलो. एकूण जवळजवळ ७४५ किलो, आणि यात चैनीची वस्तू एकही नाही. मागे दोन मुलं बसली की ८०० पार.

आता गाड्या बघा. ट्रिमनुसार (मॉडेलच्या स्वस्त-महाग प्रकारानुसार) आकडे थोडे बदलतात, पण लँडक्रूझर ७६ चं जीव्हीएम ३५१० किलो आहे आणि ओझ्यासाठी साधारण १२०० किलो हाताशी राहतात. पट्रोलला सातशेच्या आसपास. एमयू-एक्स आणि प्राडो २५० दोन्ही सहाशेच्या घरात. जिम्नी एक्सएलला साडेतीनशेच्या आसपास, आणि तिच्या छतावर कंपनी फक्त ३० किलो ठेवू देते, म्हणजे छतावरचा तंबू बादच.

म्हणजे वरची यादी जशीच्या तशी भरली तर पाचपैकी एकच गाडी कायद्यात बसते. बाकीच्यांना दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे सामान कमी करणं: विंच काढा आणि साधा स्वॅग (जमिनीवर पसरायचं तंबूवजा अंथरूण) घ्या, ड्रॉवरऐवजी प्लास्टिकच्या पेट्या घट्ट बांधा. एवढ्याने दीडशे-दोनशे किलो सहज वाचतात. दुसरी वाट जीव्हीएम अपग्रेडची. यात स्प्रिंग आणि शॉक बदलून नवी पाटी लावतात. गाडीची पहिली नोंदणी होण्याआधी हे काम केलं तर ते सगळ्या राज्यांत मान्य होतं. नंतर केलं तर ज्या राज्यात गाडी आहे त्याचे नियम लागतात. तेव्हा नवी गाडी घेणाऱ्याने हा निर्णय बुकिंगच्या दिवशीच घ्यावा. आणि जीव्हीएम वाढलं तरी मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी तपासायची. ड्रॉवर, फ्रिज, पाणी, दोन स्टेपन्या हे सगळं मागेच असतं, त्यामुळे आधी भरते ती मागची ॲक्सल.

इंधन

पश्चिमेच्या माउंट डेअरपासून पूर्वेच्या बर्ड्सव्हिलपर्यंत सिम्पसन ओलांडायचा टप्पा मार्गानुसार ५०० ते ६०० किलोमीटरचा आहे आणि मध्ये इंधनाचा एकही पंप नाही. वाटेत सुमारे अकराशे वाळूच्या टेकड्या लागतात, शेवटी बर्ड्सव्हिलच्या अलीकडे बिग रेड ही मोठी टेकडी. वाळूत खप महामार्गाच्या दीडपट ते दुप्पट होतो. ५५० किलोमीटर धरून त्यावर पंचवीस टक्के राखीव ठेवा.

लँडक्रूझर ७६ ला शंभर किलोमीटरला २० लिटर धरले तर सुमारे १३७ लिटर लागतात. टाकी १३० ची, म्हणजे २० लिटरचा एक जेरीकॅन पुरे. प्राडो २५० ला १८ धरून १२४ लिटर. टाकी ११०, इथेही एक कॅन. जुन्या प्राडो १५० ची टाकी १५० लिटरची होती आणि नव्या मॉडेलने ती गमावली, हे लांबच्या प्रवाशाचं खरं नुकसान आहे. एमयू-एक्सची टाकी ८० ची, गरज ११७ ची, म्हणजे दोन कॅन. बाहेरच्या कंपन्यांची मोठी टाकी बसवता येते, पण ती भरली की तेवढं ओझं वाढतं. पट्रोलचं ५.६ लिटरचं पेट्रोल इंजिन वाळूत २७ लिटर सहज पितं, म्हणून १८६ लिटर हवेत: १४० ची टाकी आणि तीन कॅन. जिम्नीला १३ धरून ८९ लिटर लागतात, टाकी ४० ची. तीन कॅन म्हणजे टाकीपेक्षा जास्त पेट्रोल बाहेर, आणि पेट्रोलचे कॅन केबिनमध्ये ठेवायचे नाहीत. मग ठेवणार कुठे? मागच्या दारावर कॅन टांगायची सोय करून घेतात, पण दाराच्या बिजागऱ्यांना ते वजन झेपेल असा मजबूत ब्रॅकेट लागतो.

पेट्रोल गाड्यांबाबत आणखी एक अडचण शहरात कळत नाही. दूरच्या अनेक आदिवासी वस्त्यांमध्ये साध्या पेट्रोलऐवजी ओपल मिळतं. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा बसावा म्हणून सुगंधी हायड्रोकार्बन्सचं प्रमाण कमी ठेवून ते बनवलेलं असतं. त्याचं ऑक्टेन ९१. जिम्नीला ते चालतं. पट्रोलला निस्सान किमान ९५ मागते. गरजेला ९१ भरून हळू चालवता येतं, पण उन्हात, ओझ्यासकट, वाळूत नॉकिंगची (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोठावण्याची) जोखीम घ्यावी असं आम्ही सांगणार नाही. डिझेल मात्र जवळपास प्रत्येक रोडहाउसवर (रस्त्याकडेचा पंप आणि खानावळ) असतं.

वाळू, खड्डे आणि कॉरुगेशन

गिब रिव्हर रोडची सुमारे ६६० किलोमीटरची वाट, टनामी, ऊडनडाटा ट्रॅक: इथे खरा शत्रू वाळू नसून कॉरुगेशन, म्हणजे कच्च्या रस्त्यावर आडव्या उमटलेल्या लाटा. तासन् तास धडधड चालते आणि शॉकमधलं तेल इतकं तापतं की सील सुटतात. मूळ कंपनीचे शॉक कोणत्याही गाडीत भरल्या वजनाला पुरत नाहीत. जाड नळीचे, जास्त तेल मावणारे शॉक हा पहिला खर्च धरा. छतावरच्या रॅकचे बोल्ट रोज संध्याकाळी हाताने तपासा. तडा गेलेल्या रॅकची सुरुवात सैल बोल्टापासून होते.

लँडक्रूझर ७६ ला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहेत, मागे पाट्यांची स्प्रिंग. जीएक्सएल ट्रिममध्ये दोन्ही ॲक्सलना डिफ-लॉक मिळतो. ओझं पेलण्यात तिला तोड नाही. रिकामी असताना मात्र ती पाठ मोडते. तिचा एक जुना दोष वाळूत महाग पडतो. मागच्या चाकांमधलं अंतर पुढच्यांपेक्षा कमी आहे, त्यामुळे मागची चाकं पुढच्यांनी पाडलेल्या चाकोरीत न चालता आपली वेगळी वाट कापतात. रोध वाढतो, डिझेल जास्त जातं. मागची ॲक्सल रुंद करून घेता येते, पण ते काम मान्यताप्राप्त कंपनीकडूनच करा आणि कागद जपून ठेवा.

प्राडो कायम चारही चाकांवर चालते. खडीच्या रस्त्यावर ८० च्या वेगात अचानक कांगारू समोर आला तर हीच गोष्ट गाडी सरळ ठेवते. ७६ आणि एमयू-एक्समध्ये खडी लागली की आपण होऊन फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावायचं, आणि डांबर आलं की काढायचं. डांबरावर ते लावून वळणं घेतली तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण साठतो. प्राडोचा मागचा डिफ-लॉक महागड्या ट्रिमसाठी राखून ठेवला आहे. वाळूसाठी मधला डिफ-लॉक आणि ट्रॅक्शन कंट्रोल (घसरणारं चाक आपोआप रोखणारी यंत्रणा) पुरतो, तेव्हा केवळ त्यासाठी वरचा ट्रिम घेऊ नका.

पट्रोलची चारही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. गाडी वळणात झुकू नये म्हणून तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा आहे. कॉरुगेशनवर या पाचांत सर्वांत आरामशीर हीच. पण तेलाची नळी फुटली तर ती यंत्रणा पुन्हा भरायला खास साधनं लागतात, आणि ती एखाद्या रोडहाउसच्या मेकॅनिककडे मिळणार नाहीत. शिवाय पावणेतीन टनांची गाडी रुतली की सोबतच्या हलक्या गाडीने ओढून निघत नाही.

एमयू-एक्सबद्दल कमी बोललं जातं, खरं तर जास्त बोलायला हवं. ३ लिटरचं इंजिन १४० किलोवॅट आणि ४५० न्यूटन-मीटर देतं, आकडा साधा, पण ताण कमी घेणारं इंजिन आहे. मागचा डिफ-लॉक आहे, ८०० मिलिमीटर पाण्यातून जायची कंपनीची मुभा आहे (टोयोटाच्या दोन्ही गाड्यांना ७००). खालचा ट्रिम १७ इंचाच्या चाकांवर येतो, तोच घ्या. २० इंची चाकांवरच्या पातळ टायरला खडक झेलायला रबर उरत नाही, आणि तो आकार एखाद्या दूरच्या गावात मिळणं अवघड.

जिम्नी वाळूवर तरंगत जाते. तिचं रिकामं वजन १२०० किलोच्या आसपास असल्याने रुतली तरी दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली सारायच्या फळ्या) आणि फावडं यावर निघते. तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर कमी असल्याने मोठ्या गाड्यांनी पाडलेली चाकोरी मात्र तिला रुंद पडते. एक चाक चाकोरीत आणि दुसरं कडेला अशी ती तिरपी चालते. दोन माणसं, हलकं सामान, आणि सोबत इंधन वाहणारी एखादी मोठी गाडी असेल तर सिम्पसन तिला अशक्य नाही. चौघांसाठी नाही.

कोणतीही गाडी असो, टायरची हवा कमी करणं हाच सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. भरलेल्या मोठ्या गाडीला डांबरावर ३८ ते ४०, खडीवर २८ ते ३०, वाळूत १६ ते १८ पीएसआय, आणि रुतल्यावर १२ ते १४. जिम्नीला याहून तीन-चार कमी. हवा कमी असताना वेग कमी ठेवा आणि जोरात वळू नका, टायर रिममधून निघतो. ओढून काढताना दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीच अडकवायचा नाही. तो गोळा तुटून काच फोडत आत येतो, माणसं यात मेलेली आहेत. चेसिसला बोल्ट केलेले, वजनक्षमता लिहिलेले रिकव्हरी पॉइंट गाडी हातात आल्याबरोबर बसवा.

मुलं मागे बसणार असतील तर

७६ मध्ये मागच्या प्रवाशांसाठी पडदा-एअरबॅग (खिडकीवर उघडून डोकं वाचवणाऱ्या) नाहीत. २०२२ मध्ये तिचं जीव्हीएम ३.५ टनांच्या वर नेलं गेलं, तेव्हा ती बाजूच्या धडकेच्या नव्या नियमाबाहेरच्या वर्गात गेली. ओझ्याची ती मोठी क्षमता याच निर्णयातून आली. रोज मुलांना शाळेत सोडायची आणि वर्षातून एकदा तीन आठवडे बाहेर जायचं, असं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: प्राडो २५० किंवा एमयू-एक्स घ्या आणि सामान कमी करा. दोन प्रौढ माणसं महिनोन्महिने कॅनिंग स्टॉक रूटसारख्या सुमारे १८५० किलोमीटरच्या वाटा करणार असतील, तर ७६ ला पर्याय नाही. जड कॅरव्हान ओढत, मुख्यतः डांबर आणि चांगल्या खडीवरून देश फिरायचा असेल तर पट्रोल.

जुनी गाडी बघताना

७६ चं ४.५ लिटरचं व्ही-८ आता जुन्या बाजारातच शोधावं लागतं. त्यात अल्टरनेटर खाली बसवलेला आहे, चिखलपाण्यातून गेलेल्या गाडीत तो आधी जातो. बदलल्याची पावती मागा. २.८ लिटरच्या इंजिनाची जुनी प्राडो १५० किंवा फॉर्च्युनर बघत असाल तर २०१५ ते २०२० दरम्यानच्या गाड्यांमध्ये डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) तुंबण्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली होती. दुरुस्ती झाल्याची नोंद आणि हाताने फिल्टर साफ करायचं बटण आहे का ते बघा. पट्रोलच्या सस्पेन्शनच्या नळ्यांवर तेलाचे ओघळ शोधा. एमयू-एक्सच्या मागच्या स्प्रिंग जड केलेल्या असतील आणि जीव्हीएमची नवी पाटी नसेल, तर ती गाडी ओझ्याखाली फिरलेली आहे, आणि विमा कंपनी दाव्याच्या वेळी नेमकं तेच विचारेल.

व्यवहार ठरवण्याआधी, शक्य असेल तर, सगळं कुटुंब आणि भरलेल्या टाकीसह गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन पुढची आणि मागची ॲक्सल वेगवेगळी तोलून घ्या. उरलेल्या किलोंत तुमचा फ्रिज, तंबू आणि पाणी बसतं की नाही ते कागदावर मांडा, मगच इसार द्या.