गुजरीमागचे रंगारी मामा : साडीचं काम एक नंबर, आणि 'इन्फेक्शन' शब्दाचा अर्थ कळला तो पण तिथंच

आधी कामाचं सांगते मग बाकीचं. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाकडनं गुजरीत (सोनारांच्या बाजारात) शिरून मागच्या बाजूला आलं की एका बोळात जुनं रंगाऱ्याचं दुकान आहे, पाटी वगैरे काही नाही, दारात दोरीवर ओल्या साड्या लोंबताना दिसल्या की तेच. मी तीन कपडे घेऊन गेले होते. आईची मोरपंखी रेशमी साडी, तिचा घडीवरचा रंग पार उडाला होता. एक पांढरी सुती ओढणी, मशीनमध्ये लाल परकराबरोबर गेली आणि गुलाबी डागाडागाची होऊन आली. आणि माझा एक फिका कुडता. मामांनी कुडता हातात घेतला, शिवणीचा एक धागा काढून काडीनं पेटवला, वितळून काळा मणी झाला तसा परत दिला, "ह्यात टेरिलिन हाय बाई, ह्याला आमचा रंग लागत न्हाई, पैसे घालवू नका." टेरिलिन म्हणजे पॉलिएस्टर. तिथंच माझा विश्वास बसला. ह्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दिलेली चांगली साडी ढगाळ होऊन आली होती, एकीकडं गडद एकीकडं फिकट, आणि वर "कापडच तसं होतं" म्हणून ऐकून घ्यावं लागलं होतं.

साडीचे ६००, ओढणीचे २००. महाग नाही वाटले कारण मी अर्धा तास उभं राहून बघितलंय काय काय करतात ते.

साडी आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून ठेवली. मी विचारलं असं का, तर म्हणाले कोरडं कापड टाकलं की पहिला घोट जिथं लागतो तिथंच जास्त पितं, मग डाग पडतात, सगळं सारखं ओलं असलं की सगळीकडं सारखं जातं. मग मोठ्या पातेल्यात गरम पाणी, त्यात रंग, रेशमासाठी थोडं अॅसिड (सुतीला मीठ घालतात), आणि दोन काठ्यांवर साडी सतत खालवर. हात थांबत नव्हता एक मिनिट. सुरुवातीला पाणी इतकं गडद निळंहिरवं की काठी आत गेली की दिसायची नाही. आणि मग हळूहळू पाणीच फिकं व्हायला लागलं. पंधरावीस मिनिटांनी तांब्यात थोडं काढून मला दाखवलं, जवळजवळ स्वच्छ पाणी! सगळा रंग साडीत गेलेला. "पानी निवळलं की समजायचं, रंग आत गेला."

आत गेला. हे ऐकलं आणि मला ट्रेनिंगचे दिवस आठवले.

मी नर्स आहे, सर्जरीच्या वॉर्डात, ड्रेसिंग हेच माझं दिवसभराचं काम. 'इन्फेक्शन' हा शब्द मी दिवसातनं किती वेळा उच्चारते ह्याचा हिशोबच नाही. ट्रेनिंगला आमच्या एका सरांनी सांगितलं होतं की हा शब्द मुळात लॅटिन 'इनफिकेरे' ह्यावरनं आलाय, इन म्हणजे आत आणि फाकेरे म्हणजे करणं, घालणं, आणि त्याचा अर्थ होता बुडवणं, रंगवणं. तेव्हा वहीत लिहून घेतलं आणि विसरले. त्या पातेल्यासमोर उभी असताना ते पहिल्यांदा खरं कळलं. रोमन लोक रंगाऱ्यालाच 'इन्फेक्टर' म्हणायचे हो! नंतर घरी येऊन मी वाचत बसले तर त्यांच्यात दोन प्रकारचे रंगारी होते, लोकरीला तिचा नसलेला वेगळा रंग देणारा तो इन्फेक्टर, आणि उडालेला रंग परत ताजा करून देणारा तो 'ऑफेक्टर'. म्हणजे आईच्या साडीपुरते मामा ऑफेक्टर आणि माझी पांढरी ओढणी मरून रंगाची करून दिली तिथं इन्फेक्टर. इटलीत पाँपेई म्हणून गाव आहे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं, तिथल्या भिंतींवर निवडणुकीला कुणाला निवडून द्या असा ह्या रंगाऱ्यांनी लिहिलेला मजकूर अजून सापडतो. आपल्याकडं पेठेतल्या तालमी-मंडळं भिंती रंगवतात तसंच की.

पुढं त्या शब्दात नुसता रंग राहिला नाही, डागाळणं, बिघडवणं, नासवणं असे अर्थ शिरले, मग फ्रेंचमधनं इंग्लिशमध्ये चौदाव्या शतकाच्या शेवटाला आला तेव्हा हवा बिघडली, माणसाचं मन बिघडलं ह्यालाही तोच शब्द. जंतू तर कुणाला माहीतच नव्हते. आपण आज जो अर्थ घेतो तो १९व्या शतकात पाश्चर, कॉख ह्या शास्त्रज्ञांनी जंतू दाखवून दिल्यावर पक्का झाला.

आता हे सगळं दुकानाच्या रिव्ह्यूत कशाला, तर त्याला कारण आहे.

आमच्या वॉर्डात मध्ये एक शेतकरी काका ॲडमिट होते, ऊसतोडीत कोयता पायाला लागलेला, त्यात शुगर, जखम चिघळून पू झालेला. डॉक्टर "इन्फेक्शन झालंय" म्हणून राउंड संपवून गेले. दुसऱ्या दिवशी बघते तर घरच्यांनी काकांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, नातवाला जवळ येऊ देत नाहीत, आणि काका भिंतीकडं तोंड करून पडलेले. घरच्यांची चूक नाही, त्यांना वाटलं इन्फेक्शन म्हणजे सगळ्यांना होणार. मी 'लागण' शब्द वापरून समजवायला गेले तर काका म्हणाले, "सिस्टर, लागण म्हंजे आमच्यात ऊस. यंदा आडसाली लागण केलीया, पोरगा खोडव्याला पाणी द्यायला गेलाय." (आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावलेला ऊस, खोडवा म्हणजे तोडल्यावर बुडख्यातनं परत फुटलेला.) आणि खरंच की, रोप मातीला लागलं म्हणजे लागण आणि रोग अंगाला लागला म्हणजे पण लागण. मराठीत रंग पण लागतो, चटक लागते, दृष्ट लागते, वेड लागतं, एकाच 'लागणे'वर सगळं चाललंय. १५४६ मध्ये फ्राकास्तोरो म्हणून इटलीतल्या व्हेरोना गावच्या वैद्यानं रोग कसे पसरतात ह्यावर लिहिलं तेव्हा त्यानं रोग पसरवणाऱ्या कणांना शब्द वापरला 'सेमिनारिया', म्हणजे बी, रोपवाटिका. त्याला सूक्ष्मदर्शक माहीत नव्हता, आणि तरी आपल्या शेतकऱ्यासारखंच बी पेरल्यासारखं डोक्यात आलं.

पण काकांना त्या दिवशी मला नीट सांगता आलं नव्हतं ह्याची रुखरुख होती. ते मामांच्या दुकानात सुटलं. मामांनी धुतलेली साडी पांढऱ्या फडक्यावर दाबून दाखवली, फडकं पांढरंच. "पक्का हाय, शेजारच्या कपड्याला लागणार न्हाई." मग बाजूचं एक कच्च्या रंगाचं कापड तसंच दाबलं तर फडक्यावर लाल ठसा. हेच तर मला सांगायचं होतं! जंतू आत शिरून तिथं वाढतायत हे इन्फेक्शन, म्हणजे रंग कापडात गेला. तो शेजारच्याला लागतो का ही वेगळी गोष्ट. धनुर्वात हे केवढं भयंकर इन्फेक्शन पण एका माणसाकडनं दुसऱ्याला होत नाही, आणि गोवर किंवा डोळे येणं म्हणजे कच्चा रंग, एका घरात आला की सगळ्यांना. त्याला इंग्लिशमध्ये वेगळा शब्द आहे, कंटेजन, तो स्पर्श ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरनं आलाय. आपला 'संसर्ग' पण संस्कृतात मिसळणं, संगत ह्या अर्थाचा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ह्यातला वाण म्हणजे रंगच बघा.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेल्यागेल्या काकांच्या सुनेला दोन गॉजचे तुकडे आणि बीटाडीन घेऊन हे करून दाखवलं, एक ओला तुकडा कोरड्यावर टेकवला की डाग लागतो आणि वाळलेला टेकवला की लागत नाही, सांगितलं पायातला पू हाताला लागला तर साबणानं हात धुवा, ड्रेसिंग उघडं ठेवू नका, पण एका ताटात जेवल्यानं हे कुणाला होत नाही. संध्याकाळी नातू काकांच्या कॉटवर बसून शेंगा खात होता.

अजून एक गोष्ट सांगायचीच आहे. मामा हातमोजे घालत नाहीत. बोटांच्या बेचक्यांत भेगा, नखांच्या कडा सुजलेल्या, एका अंगठ्याला नखुरडं झालेलं. मी म्हटलं, मामा ह्यात इन्फेक्शन होईल. "हाताला रंग लागतो बाई, आनि काय लागनार?" मी तिथंच अंगठा धरून बघितला, अजून पू नव्हता, कोमट पाण्यात बुडवून शेकायला सांगितलं आणि दुखणं वाढलं तर दाखवा म्हटलं. साडी आणायला गेले तेव्हा कोपरापर्यंतचे जाड रबरी मोजे घेऊन गेले, लक्ष्मीपुरीत मिळाले. मामांनी घातले, काठीची पकड जरा सैल वाटते म्हणाले पण काढले नाहीत. अंगठ्याची सूज पण उतरली होती.

तेव्हा त्यांना मी रंगाचं आणि आमच्या कामाचं नातं सांगितलं, ते मन लावून ऐकत होते. जखमेतला पू आम्ही लॅबला पाठवतो तेव्हा तिथं काचेवर पसरून त्याला आधी जांभळा रंग देतात आणि मग स्पिरिटनं धुतात. काही जंतूंचा रंग पक्का, जांभळेच राहतात, काहींचा धुऊन जातो आणि वरनं दिलेला गुलाबी रंग ते घेतात. त्यावरनं कुठलं औषध द्यायचं ह्याचा पहिला अंदाज येतो. डेन्मार्कच्या हान्स क्रिस्टियन ग्राम ह्यांनी १८८४ मध्ये ही रीत लिहिली, थोड्या फरकानं अजून तीच चालते. आणि जंतूंवरच्या पहिल्या सल्फा औषधाची सुरुवात पण एका लाल रंगातनंच झाली, प्रॉन्टोसिल, जर्मनीत गेरहार्ड डोमाक ह्यांनी १९३०च्या दशकात शोधलं, त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हाताला सुई टोचून इन्फेक्शन झालं तेव्हा त्यांनी तिला तेच दिलं आणि ती वाचली. मामा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हंजे आमच्या धंद्यातलीच मानसं की ती."

आता उणिवा पण लिहिते. चार दिवस सांगून सहा दिवस लावले, आणि फोन उचलत नाहीत त्यामुळं माझी एक फेरी फुकट गेली. बिल नाही, एक चिठ्ठी फक्त, ती सांभाळून ठेवा. साडीच्या जरीची चमक पहिल्यापेक्षा थोडी मंद झालीय, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून तक्रार नाही. ओढणीच्या कडेची पिकोची रेघ पांढरीच राहिली कारण तो धागा टेरिलिनचा, मरून कडेला ती बारीक पांढरी रेघ मला तर आवडली पण तुम्हाला नको असेल तर पिको उसवून द्या.

साडीचा रंग मात्र घडीवर, पदरावर, निऱ्यांत सगळीकडं एकसारखा, आईनं उजेडात नेऊन तीनतीनदा बघितला. दोनदा धुतली, पाण्यात रंगाचा थेंब नाही. पाचपैकी साडेचार.

रेशमी साडी नेणार असाल तर फॉल काढून न्या, आणि सकाळी अकराच्या आत जा, पातेलं तेव्हा चुलीवर असतं आणि मामा उभं राहून बघू देतात.