वर्षभर बदललेल्या सवयी आणि माझे केस: काय सुधारलं, काय नाही

माझे केस बारीक, किंचित लहरी, पाठीच्या मध्यापर्यंत लांब आहेत. मुळांशी लवकर तेलकट होतात आणि टोकं कायम कोरडी. नवं तेल किंवा नवा शाम्पू आणण्याऐवजी या वेळी मी फक्त केस हाताळायची पद्धत बदलली. आता वर्ष होत आलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगते. केस तुटणं खूप कमी झालं. गळणं मात्र जवळपास होतं तेवढंच आहे, आणि ते तसंच राहणार हे आता पटलंय. कारण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कंगव्यात आलेला केस उजेडात धरून बघा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसली तर तो मुळापासून सुटलेला, म्हणजे गळलेला केस. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो मधेच तुटलेला. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले रोज ५० ते १०० गळणं नेहमीचं आहे. एक दिवसाआड धुणाऱ्यांना धुण्याच्या दिवशी जास्त दिसतात, कारण आधीचे सुटलेलेही तेव्हाच बाहेर येतात. माझ्या कंगव्यात तुकडेच जास्त निघायचे. म्हणजे मुळांपेक्षा माझ्या हाताळण्याकडे लक्ष द्यायला हवं होतं.

सगळ्यात मोठा फरक ओल्या केसांच्या बाबतीत पडला. केस केराटिन या प्रथिनाचा असतो. पाणी आत शिरलं की त्या प्रथिनातले हायड्रोजन बंध सुटतात, केस जास्त ताणला जातो आणि कमी ताकदीने तुटतो. म्हणून न्हाल्यावर लगेच वरून खाली कंगवा ओढणं हे माझ्यासारख्या बारीक केसांना सगळ्यात महागात पडतं. आता गुंता कंडिशनर लावलेला असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने सोडवते. आधी टोकं, मग थोडं वर, मग आणखी वर. गाठ लागली की तिच्या वरची बट मुठीत धरायची, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. नंतर केस बऱ्यापैकी वाळेपर्यंत कंगवा लावत नाही. दाट कुरळे केस असतील त्यांनी मात्र उलट करावं, ओलसर असतानाच विंचरावं, कारण ते कोरडे विंचरले की जास्त तुटतात.

टॉवेलने खसाखसा पुसणंही बंद केलं. केसावर खवल्यांसारखं बाहेरचं आवरण असतं, घासलं की ते खवले उचलले जातात. जुना मऊ सुती टी-शर्ट गुंडाळून नुसतं दाबून पाणी टिपते. हा बदल इतका सोपा आहे की ज्यांना एकच गोष्ट करायची असेल त्यांना मी हीच सुचवेन.

केस वाळवण्याबद्दल माझा समज बदलला. ड्रायर म्हणजे नुकसान आणि आपोआप वाळवणं म्हणजे सुरक्षित, असं मी धरून होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निराळं दिसलं. उष्णतेने केसाच्या पृष्ठभागाचं नुकसान होतंच, पण आपोआप वाळवलेल्या केसांत आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराला इजा आढळली, बहुधा केस फार वेळ ओले राहिल्यामुळे. ड्रायर १५ सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत ठेवणं त्यात कमी हानिकारक ठरलं. म्हणून आता मी मुळांपाशी थोडा वेळ कोमट हवा देते आणि टोकं तशीच सोडते. स्ट्रेटनर मात्र पूर्ण थांबवलाय. ज्यांना तो लागतोच, त्यांनी निदान ओलसर केसांवर कधीच फिरवू नये. आतल्या पाण्याची एकदम वाफ होते, केसात बुडबुडे तयार होतात आणि तिथे तो तुटतो. ते नुकसान कुठल्याही मास्कने भरून येत नाही.

शाम्पू फक्त टाळूला लावते. खाली वाहणारा फेस लांबीला पुरतो. कंडिशनर कानाच्या खालच्या केसांना, मुळांना नाही. त्यातले धन विद्युतभार असलेले घटक झिजलेल्या भागावर जास्त चिकटतात, कारण तिथे ऋण विद्युतभार जास्त असतो. आणि त्याची गरजही तिथेच, म्हणजे टोकांनाच, असते. किती दिवसांनी धुवायचं याला एकच उत्तर नाही. तेलकट टाळूवर चार दिवस थांबून केस मजबूत होत नाहीत, नुसती खाज वाढते. मी एक दिवसाआड धुते आणि मला तेच मानवतं.

तेलाबद्दल लोक सर्वाधिक विचारतात. मी न्हाण्याआधी लांबीला थोडं खोबरेल लावते. त्यातलं लॉरिक आम्ल लहान, सरळ रेणूचं असल्याने तेल केसाच्या आत जातं आणि धुताना प्रथिनांची होणारी झीज कमी होते. २००३ सालच्या एका अभ्यासात मिनरल ऑइल आणि सूर्यफुलाच्या तेलाशी तुलना करून हे दाखवलं होतं. माझ्या टोकांवर परिणाम स्पष्ट जाणवतो. पण तेलाने माझी वाढ जलद झालेली नाही. आणि कोंडा असेल तर टाळूला तेल लावूच नका. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी तेलकट पदार्थांवरच जगते. माझा कोंडा केटोकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध असलेल्या शाम्पूने गेला. तो डोक्यावर काही मिनिटं ठेवून मग धुवावा लागतो, लगेच धुतला तर उपयोग होत नाही.

घट्ट पोनीटेल सोडली, याचं मला खरंच समाधान आहे. रोज एकाच जागी ओढ बसली की कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांजवळचे केस विरळ होतात. सुरुवातीला ते परत येतात, पण वर्षानुवर्षं ओढ चालू राहिली तर मूळच कायमचं निकामी होऊ शकतं. बांधल्यावर डोकं दुखत असेल किंवा मुळांशी पुटकुळ्या येत असतील तर ती पद्धत त्याच दिवशी बदला. लहान मुलींच्या वेण्या घालतानाही हे पाहायला हवं. मी आता कापडी बँडने सैल बांधते आणि बांधायची जागा बदलत राहते. कानशिलांजवळ आखूड नवे केस दिसतायत. सॅटिनच्या उशीच्या अभ्र्याने सकाळचा गुंता थोडा कमी झाला, एवढंच.

आता गळण्याबद्दल. मधे मला चांगलाच ताप आला होता. बरं झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस येऊ लागले. हे घडणारच होतं. मोठा आजार, बाळंतपण किंवा झपाट्याने उतरलेलं वजन यांमुळे बरेच केस एकदमच विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि तो टप्पा संपला की एकत्र गळतात. तेल, मालिश, उशी यांतल्या कशाचाच त्यावर उपयोग नव्हता. डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घेतल्या, लोह कमी निघालं, ते भरून काढलं आणि काही महिन्यांत गळणं पूर्वपदावर आलं. बायोटिन या ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या मी घेतल्या नाहीत. कमतरता नसेल तर त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि त्या थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतात. भांग रुंदावतोय, गोल चट्टा पडलाय, टाळू दुखतेय, असं काही दिसलं तर सवयी बदलून वाट बघू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

धीर मात्र भरपूर लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४० सेंटिमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षांहून जुनं असतं आणि या सवयी लागण्याआधीचं सगळं त्याने सोसलेलं असतं. माझ्या मुळाकडच्या भागावर हात फिरवला की तो गुळगुळीत लागतो, खालचा अजून खरखरीत आहे. दर काही महिन्यांनी टोकं थोडी कापते. त्याने वाढीचा वेग बदलत नाही, पण फुटलेला फाटा वर चढत नाही. जुना भाग पूर्ण निघून जायला अजून दोनेक वर्षं लागतील आणि तोवर केसांची लांबी मी आहे तेवढीच ठेवणार आहे.