मेसिए, कॅल्डवेल की हर्शेल ४००? पुण्यातून बघणाऱ्याने कोणती यादी घ्यावी

दुर्बीण आली, चंद्राची विवरं आणि शनीची कडी बघून झाली, आता दीर्घिका आणि तेजोमेघ बघायचेत. इथे आलं की तीन याद्या समोर येतात. तिन्ही चांगल्याच आहेत, पण त्या ज्यांच्या निरीक्षणांवर किंवा निवडीवर उभ्या आहेत ती माणसं युरोपातली होती. पुणे आहे साडेअठरा उत्तर अक्षांशावर. त्यामुळे यादी निवडताना मी आधी बघतो, की तिचा क्रमांक इथे उभ्या असलेल्या माणसाला काय सांगतो.

शार्ल मेसिए पॅरिसहून धूमकेतू शोधत. धूमकेतूसारखा दिसणारा पण जागचा न हलणारा प्रत्येक पुंजका ते नोंदवून ठेवत, म्हणजे पुन्हा फसगत नको. १७८१ च्या यादीत अशा १०३ नोंदी होत्या, पुढे त्या ११० झाल्या. क्रमांक पडले ते नोंदींच्या ओघात. म्हणून एम २ (एम म्हणजे मेसिए) कुंभेत, एम ३ श्यामशबलात आणि एम ४ ज्येष्ठेच्या शेजारी. क्रमांकावरून ना ऋतू कळतो ना दिशा. तरीही सुरुवात इथूनच करावी, कारण सगळ्या ११० वस्तू पुण्यातून दिसू शकतात. वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ पॅरिसला क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर येतो. आपल्याकडे तो छत्तीस अंशांच्याही वर असतो.

मात्र यादीत छापलेल्या प्रतीवर, म्हणजे तेजाच्या आकड्यावर, भरवसा ठेवू नका. हा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू अंधूक. एम ३३ ची प्रत ५.७ आहे, पण तो प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असल्यामुळे कोथरूडच्या गच्चीवरून ती दीर्घिका सापडत नाही. एम ५७ ची प्रत ८.८, म्हणजे आकड्यात कितीतरी अंधूक. पण ते एवढंसं कडं शहरातूनही सहा इंची दुर्बिणीत ओळखू येतं. शहरातल्या रात्रींसाठी तारकागुच्छ आणि असे छोटे, घट्ट ग्रहीय तेजोमेघ ठेवा. दीर्घिका वेल्हे-भोरच्या अमावस्येसाठी राखून ठेवा.

या याद्यांच्या मागे एनजीसी, म्हणजे न्यू जनरल कॅटलॉग, उभा आहे. १८८८ मध्ये जॉन ड्रेयर यांनी केलेल्या या सूचीत ७८४० नोंदी आहेत. एवढी मोठी सूची कुणी यादी म्हणून घेत नाही, पण तिचे क्रमांक विषुवांशाप्रमाणे, म्हणजे आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे, चढत जातात आणि हे फार उपयोगाचं आहे. सहा हजारांतला आकडा दिसला की समजा, ही वस्तू जुलै ते सप्टेंबरमध्ये रात्री साडेनऊच्या सुमारास डोक्यावरून जाणार, म्हणजे आपल्याकडे ढगाआड. एकट्या धनू राशीत मेसिएच्या १५ वस्तू आहेत आणि त्या बहुतेक याच पट्ट्यात येतात. पुणेकराने त्या मे महिन्यात पहाटे दोन-तीनला उठून बघाव्यात.

ड्रेयर यांची वर्णनंही वाचायला शिका. एकेका अक्षरात तेज, आकार, घनता सगळं येतं. खास वस्तूला ते उद्गारचिन्ह देतात आणि अगदी थोड्यांना तीन. देवयानी दीर्घिकेला तीन आहेत, नरतुरंगातल्या ओमेगा सेंटॉरी या गोलाकार तारकागुच्छालाही तीन.

ओमेगा सेंटॉरी पॅरिसला उगवतच नाही, त्यामुळे मेसिएमध्ये ती नाही. कॅल्डवेलमध्ये आहे, सी ८०. ही १०९ वस्तूंची यादी पॅट्रिक मूर यांनी १९९५ मध्ये दिली आणि क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे लावले. मला ही मांडणी फार आवडते. सी १०६ ते सी १०९ पुण्याच्या क्षितिजावर येत नाहीत, त्याआधीच्या दोन-तीन क्षितिजाला घासून जातात, पण बाकी दक्षिणेचा मोठा भाग आपल्याला मिळतो. मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास ओमेगा दक्षिणेला चोवीस अंशांवर येते. भोरच्या बाजूला गेलात तर पुण्याचा उजेड पाठीमागे राहतो. हाच हिशेब सप्तर्षींतल्या एम ८१-८२ या दीर्घिकांना उलटा पडतो. त्या उत्तरेला असल्यामुळे भोरहून बघताना शहराचा उजेड मध्ये येतो. त्यांच्यासाठी जुन्नरकडे जावं.

हर्शेल ४०० मात्र पहिल्या-दुसऱ्या वर्षी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. विल्यम हर्शेल यांच्या सुमारे अडीच हजार नोंदींतून ती निवडलेली आहे. त्यांनी वस्तूंचे आठ वर्ग पाडले होते: तेजस्वी, अंधूक, फारच अंधूक, ग्रहीय, फार मोठे आणि मग दाट ते विरळ तारकागुच्छांचे तीन. वर्गावरून दुर्बिणीत काय दिसेल याचा अंदाज येतो, हे तिचं बळ. पण निम्म्याहून जास्त वस्तू दीर्घिका आहेत. वर्षातले चार महिने ढगात गेल्यावर अंधाऱ्या अमावस्या उरतात सात-आठ, त्यातही सिंह आणि कन्येच्या दाट भागासाठी फेब्रुवारी ते एप्रिलच्या तीनच. दर अमावस्येला शहराबाहेर जायची सोय असेल आणि दुर्बीण आठ इंची असेल, तर ही यादी आयुष्यभर पुरते.

फक्त बायनॉक्युलर असेल तर मेसिएमधल्या कृत्तिका, पुष्यातला एम ४४, एम ७, एम ३१ आणि कॅल्डवेलमधला ययातीतला जोडगुच्छ, सी १४, एवढ्यांवर पहिला हिवाळा-उन्हाळा काढा. सहा इंची असेल तर मेसिए एनजीसी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने लावून घ्या, आणि मे महिना आला की दक्षिणेकडे तोंड करून सी ८० शोधा.