चोविशी ओलांडल्यावर वर्दी आणि विमान: कुठलं दार अजून उघडं आहे?

एमपीएससीची सवय असलेल्या महाराष्ट्रात वयोमर्यादा म्हटलं की 38 आणि 43 हे आकडे डोळ्यांपुढे येतात. त्याच सवयीने कुणी सैन्यदलांची जाहिरात उघडतं आणि वयाच्या रकान्यात 24 बघून थबकतं. ओबीसी, एससी, एसटी अशी सवलतही तिथे नाही, कारण सैन्यदलांच्या अधिकारी निवडीत आरक्षणच नाही. पदवी झाली, दोन-तीन वर्षं नोकरीत किंवा स्पर्धा परीक्षांत गेली आणि मग "आपल्याला खरं तर फौजेत जायचं होतं" हे उमगलं, अशांची संख्या कमी नाही. हा आढावा त्यांच्यासाठी.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करा. तुम्हाला विमान उडवायचंय, की खांद्यावर तारे हवेत? विशीत ही दोन्ही स्वप्नं एकाच अर्जात मावतात. पंचविशीनंतर ती वेगवेगळ्या रांगांत उभी असतात, आणि दोन्ही रांगा धरायला जाणाऱ्याचे पैसेही जातात, वर्षंही.

हवाई दल: 24 चा अर्थ 23

हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचसाठी एएफकॅटमधून (हवाई दलाची अधिकारी प्रवेश परीक्षा) वय 20 ते 24. पण ते मोजतात कोर्स सुरू होण्याच्या तारखेला, फॉर्म भरण्याच्या नाही. फेब्रुवारीची परीक्षा पुढच्या वर्षीच्या जानेवारीतल्या कोर्ससाठी असते. म्हणजे फेब्रुवारीत तुम्हाला 23 वर्षं आणि दोन महिने झाले असतील, तर पेपर कितीही सोपा गेला असता तरी उपयोग नव्हता. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी 50 टक्के लागतात. उंची, पायांची लांबी, बसल्यावरची उंची सेंटिमीटरमध्ये मोजली जाते, कारण कॉकपिट माणसाच्या मापाने बदलत नाही. शिवाय वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी, जिला सगळे सीपीएसएस म्हणतात, आयुष्यात एकदाच देता येते. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या अनेक दिवस चालणाऱ्या मुलाखत-चाचण्यांत, दहा वेळा नापास होऊन अकराव्यांदा निवड झालेले अधिकारी सापडतात. सीपीएसएसमध्ये मात्र एकदा नापास झालात की फ्लाइंग ब्रँच कायमची संपली.

ग्राउंड ड्युटीची मर्यादा 26 पर्यंत जाते. निळी वर्दी तीच, एअर फोर्स अकादमी तीच, हैदराबादजवळची दुंडीगल. काम वेगळं: तांत्रिक शाखा, प्रशासन, पुरवठा, हिशेब, शिक्षण, हवामान. ज्याला खरोखर उडायचं आहे त्याने "निदान विमानांच्या जवळ तरी राहीन" म्हणून इथे जाऊ नये, असं माझं मत आहे. रोज दुसऱ्यांची उड्डाणं बघत दहा वर्षं काढणं सगळ्यांना जमत नाही. ज्याला शिस्त, युनिट आणि अधिकारीपण हवंय, त्याच्यासाठी मात्र ही उत्तम जागा आहे.

सीपीएल काढून दोन वर्षं विकत घेणं

डीजीसीएचं (नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) चालू कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजेच सीपीएल, हातात असेल तर फ्लाइंग ब्रँचची मर्यादा 24 वरून 26 वर जाते. काही क्लासवाले या एका ओळीवर मोठी स्वप्नं विकतात: आधी सीपीएल करा, मग एअर फोर्स आहेच.

हिशेब मांडून बघा. सीपीएलला दीड-दोन वर्षं लागतात, हवामान आणि विमानांची उपलब्धता आडवी आली तर जास्तच. भारतात ढोबळमानाने 45 ते 60 लाख खर्च येतो. इतकं करून मिळालेली दोन वर्षं ते लायसन्स काढण्यातच संपतात. वर सीपीएसएस, मेडिकल, एसएसबी सगळं तसंच शिल्लक. ज्याच्याकडे बाविशीतच लायसन्स आहे त्याला ही सवलत कामाची आहे. फक्त तेवढ्यासाठी चोविसाव्या वर्षी अर्धा कोटी उभे करणं हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे. सीपीएल घ्यायचंच असेल तर ते नागरी विमान वाहतुकीसाठी घ्या, तिथे त्याला पुढची तीस वर्षं किंमत आहे.

पंचवीस ते सत्तावीस: भूदलाचा दरवाजा

या वयात भूदल हवाई दलापेक्षा उदार आहे. यूपीएससीच्या सीडीएस परीक्षेतून चेन्नईच्या ओटीएसाठी (भूदलाची अधिकारी प्रशिक्षण अकादमी) मर्यादा 25. इंजिनिअरिंग झालं असेल तर एसएससी टेक (ठरावीक वर्षांच्या शॉर्ट सर्व्हिसची तांत्रिक भरती) 27 पर्यंत, तेही लेखी परीक्षा न देता: गुणांवरून निवडलेल्यांना थेट एसएसबीचं बोलावणं येतं. कायद्याचे पदवीधर जॅग, म्हणजे भूदलाच्या विधी शाखेसाठी 27 पर्यंत अर्ज करू शकतात.

उडण्याची इच्छा असलेल्या इंजिनिअरने इथे जरा थांबावं. आर्मी एव्हिएशन कोअरचं (भूदलाची हेलिकॉप्टर शाखा) लढाऊ वैमानिक प्रशिक्षण नाशिकच्या कॅट्स या प्रशिक्षण शाळेत होतं. मे 2022 मध्ये तिथून भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडलेल्या कॅप्टन अभिलाषा बराक 2018 साली चेन्नईच्या ओटीएतून अधिकारी झाल्या होत्या. आधी आर्मी एअर डिफेन्स, नंतर एव्हिएशन, असा त्यांचा रस्ता. म्हणजे अधिकारी आधी आणि वैमानिक नंतर, हा क्रम भूदलात शक्य आहे. हमी मात्र अजिबात नाही. वैद्यकीय आणि योग्यता चाचण्या वेगळ्या असतात, जागा थोड्या, आणि निवड झाली नाही तर मिळालेल्या कोअरमध्ये मन लावून काम करावं लागतं. "हेलिकॉप्टर नाही मिळालं तरी चालेल" असं प्रामाणिकपणे म्हणता येत असेल, तर पंचविशीतल्या इंजिनिअरसाठी हा पर्याय मला एअर फोर्सच्या ग्राउंड ड्युटीपेक्षा सरस वाटतो.

लग्नाचा मुद्दा जाहिरातीत एका ओळीत असतो, घरात मात्र सगळ्यात मोठा असतो. ओटीएच्या या प्रवेशांना अविवाहित असणं बंधनकारक आहे. एएफकॅटमध्ये 25 च्या आतल्यांना तीच अट. त्यावरचे विवाहित अर्ज करू शकतात, पण प्रशिक्षणात कुटुंब सोबत ठेवता येत नाही आणि त्या काळात लग्नही करता येत नाही. सव्वीस-सत्तावीसच्या मुलामुलींसाठी घरी स्थळं बघणं सुरू असतंच, तेव्हा हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवावं.

शरीराचं म्हणाल तर एसएससी टेकच्या अलीकडच्या जाहिराती स्पष्ट सांगतात: 2.4 किलोमीटर साडेदहा मिनिटांत, 40 पुशअप्स, 6 पुलअप्स, शिवाय पोहण्याची तोंडओळख. पाच वर्षं आयटीत खुर्चीवर बसलेल्याला धावणं सहा-आठ महिन्यांत जमतं, पुलअप्सना बहुधा जास्त वेळ लागतो. तयारीसाठी महागड्या अकादमीत जाण्याआधी नाशिक रोडच्या राज्य सरकारच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करा. सीडीएस आणि एसएसबीच्या मुलाखतीची तयारी तिथे महाराष्ट्रातल्या उमेदवारांना मोफत मिळते, राहण्याजेवणासकट.

एसएसबीत वय हा गुन्हा नाही. पण बावीस वर्षांच्या मुलाला न विचारला जाणारा प्रश्न तुम्हाला विचारतील: इतकी वर्षं काय करत होता, आणि आत्ताच का? "लहानपणापासूनचं स्वप्न" हे उत्तर सत्ताविशीत चालत नाही. लहानपणापासून होतं तर आधी का नाही आलात, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. नोकरीत कुणाची माणसं सांभाळलीत, कुठला निर्णय अंगावर घेतलात, हे सांगता आलं तर हेच वय तुमच्या बाजूने बोलतं.

डॉक्टर, पशुवैद्य आणि एक वेगळी यादी

डॉक्टरांचं गणितच निराळं. सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेत शॉर्ट सर्व्हिससाठी एमबीबीएस असाल तर 30 पर्यंत, पदव्युत्तर पदवी असेल तर 35 पर्यंत. पशुवैद्यांना रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये 32 पर्यंत. तुम्ही यांतले असाल तर बाकीचा लेख सोडून दिलात तरी चालेल.

सेवेत असताना मरण पावलेल्या जवान-अधिकाऱ्यांच्या पत्नींसाठी भूदलात मर्यादा 35 आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांना त्याहूनही जास्त वयाची सूट मिळाली आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्या ओटीएतून लेफ्टनंट झाल्या. त्यांचं नाव घेऊन "बघा, वय आडवं येत नाही" असं म्हणणारे मार्गदर्शक भेटतात. ती सूट कशासाठी होती हे ते सांगत नाहीत.

तिशीनंतर: टेरिटोरियल आर्मी आणि सीपीएल समोरासमोर

इथून पुढे पर्याय मोजके, पण खरी निवड इथेच करावी लागते.

टेरिटोरियल आर्मीत अधिकारी होण्याचं वय 18 ते 42. पदवी हवी आणि कमाईचं साधन हवं: नोकरी, व्यवसाय, काहीही. बेरोजगाराला ही जागा नाही, कारण कल्पनाच अशी आहे की माणूस एरवी आपलं काम करेल आणि वर्षातले काही आठवडे वर्दीत असेल. लेखी परीक्षा, मुलाखत मंडळ, मग नेहमीची एसएसबी आणि मेडिकल. निवड झाल्यावर सुरुवातीचं महिनाभराचं प्रशिक्षण, पुढे ओटीएत काही महिने, आणि दरवर्षी दोन महिन्यांपर्यंतचं शिबिर. सचिन पायलट 2012 मध्ये पस्तिशीत, अनुराग ठाकूर 2016 मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी याच मार्गाने अधिकारी झाले. धोनीचं लेफ्टनंट कर्नलपद किंवा तेंडुलकरचं ग्रुप कॅप्टनपद मानद आहे, ती गोष्ट वेगळी. त्यांच्या फोटोंवरून स्वतःची वाट ठरवू नये.

टेरिटोरियल आर्मी हे करिअर नाही, हे मात्र नीट समजून घ्या. पगार नियमित अधिकाऱ्यांइतकाच, पण ज्या दिवसांत तुम्हाला सेवेत बोलावलंय तेवढ्याच दिवसांचा. पेन्शन पुरेशी वर्षं प्रत्यक्ष सेवेत काढली तरच. जागा इतक्या थोड्या की दोन-तीन वर्षं प्रयत्न करावा लागेल असं धरूनच चाला. 1948 च्या कायद्यात सेवेहून परतलेल्याला मालकाने कामावर परत घ्यावं अशी तरतूद आहे. खासगी कंपनीत बढतीच्या वर्षी दोन महिने गायब राहिल्यावर साहेबाचा चेहरा कसा होतो, यावर कुठलाच कायदा नाही. आणि हा लुटुपुटीचा खेळही नाही: मे 2025 मध्ये पाकिस्तानशी तणाव वाढला तेव्हा टेरिटोरियल आर्मीला बोलावून घेण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना दिले गेले होते. विमान मात्र इथे नाही. इथे फक्त वर्दी आहे.

सीपीएलमध्ये उलट. वर्दीवर पट्टे असतात, पण ती फौज नव्हे. लायसन्ससाठी वय किमान 18, वरची मर्यादा नाही. चष्मा चालतो. लग्न, मुलं, कशाचीही आडकाठी नाही. डीजीसीएचे लेखी पेपर (नेव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक) प्रत्येकी 70 टक्क्यांनी पास व्हावे लागतात, रेडिओची परीक्षा वेगळी, आणि 200 तास उड्डाण, त्यातले 100 पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक म्हणून. गोंदियाजवळच्या बिरसीत, बारामतीत, धुळ्यात प्रशिक्षणाची सोय आहे. खर्च वर सांगितलाच, त्यात एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाचं प्रशिक्षण आणि परवाना) मिळवलं की आणखी 15 ते 25 लाख.

बत्तिसाव्या वर्षी सुरुवात केली तर पस्तिशीच्या आसपास लायसन्स. प्रवासी विमानं 65 पर्यंत उडवता येतात, म्हणजे कागदावर तीस वर्षं. गंमत म्हणजे हवाई दलात शॉर्ट सर्व्हिसवर चोविशीत गेलेला वैमानिक 14 वर्षांच्या सेवेनंतर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, पेन्शनशिवाय बाहेर पडतो आणि बहुधा त्याच विमान कंपन्यांच्या दारात येतो. फरक एवढाच की त्याचे तास सरकारच्या पैशांनी झालेले असतात आणि तुमचे शेतीचा तुकडा किंवा फ्लॅट गहाण ठेवून. कंपन्यांच्या कॅडेट योजनांना (कंपनीनेच निवडून प्रशिक्षण देण्याच्या योजना) बहुतेक वेळा वरची वयोमर्यादा असते. त्यामुळे तिशी ओलांडलेला नवा लायसन्सधारक खुल्या भरतीची वाट बघत बसतो, आणि ती वाट कधी सहा महिन्यांची असते, कधी काही वर्षांची. त्या काळात कर्जाचा हप्ता थांबत नाही. जोडीदाराचा पगार घर चालवू शकत नसेल, तर हा पर्याय मी सुचवणार नाही.

अमेरिकेत स्थायिक मराठी घरांतूनही हा प्रश्न निघतो. तिथे हवाई दलाचं वैमानिक प्रशिक्षण 33 वर्षं पूर्ण होण्याआधी सुरू करता येतं, म्हणजे इथल्यापेक्षा बराच अवधी. पण अधिकारी व्हायला नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डवर फक्त सैनिक म्हणून भरती होता येतं.

सीपीएलकडेच कल असेल तर क्लासची फी भरण्याआधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून क्लास 2 मेडिकल करून घ्या, आणि शक्य तितक्या लवकर क्लास 1. रंगांधत्व, रक्तदाब, ईसीजीतली गडबड बऱ्याचदा तपासणीतच निघते आणि ती 50 लाख भरल्यावर कळण्यात अर्थ नाही. बारावी कॉमर्स किंवा आर्ट्सची असेल तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) फक्त गणित आणि भौतिकशास्त्राची परीक्षा देता येते, तेवढ्यासाठी नोकरी सोडायची गरज नाही. टेरिटोरियल आर्मीसाठी तर नोकरी सोडायचीच नाही: जाहिरात येईपर्यंत धावत राहा आणि सरकारी नोकरीत असाल तर वरिष्ठांकडून ना-हरकत पत्राची चौकशी आधीच करून ठेवा.